भावाचा उपवास

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका. इकडं सगळे बरे आहेत. हे गोळ्या वेळेवर घेतात, रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय, सकाळी उसाला पाणी द्यायला स्वतः जातात. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन दाजींकडे दिला असता.

परवा दाजींनीच कळवलं. डेअरीच्या रांगेत तुम्ही चक्कर येऊन पडलात. तो सोमवार होता आणि पोटात पाण्याचा थेंब नव्हता. असंच चाललं तर किडनीवर ताण येईल, असं उंब्रजच्या डॉक्टरांनी बजावलं म्हणे. भावाचा उपवास आपल्या शिराळ्यात सगळ्याच बायका करतात, पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी, वर्षातून एकदा. यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही तो दर सोमवारी करता, तोही निर्जळी. मला माहीत होतं. एकदाही नको म्हणाले नाही.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, सांगलीला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा घरातला जो तो दुसऱ्याकडं बघत होता. तुम्ही पिशवी घेऊन आलात आणि डॉक्टरांना म्हणालात, “मोठी हाय मी. माझी काढा.” सगळ्या तपासण्या करून तुम्ही उंब्रजला गेलात. मग डॉक्टरांना भेटून आलेल्या यांनी सांगितलं, अक्काची जुळली नाही. तुम्ही फोनवर इतकं रडलात की शेवटी हेच तुमची समजूत घालत होते. त्यानंतर माझी तपासणी झाली. माझी जुळली. हॉस्पिटलच्या समितीसमोर मला विचारलं, स्वखुशीनं देताय ना? मी हो म्हणाले. तोवर तारीख ठरली होती आणि माझ्या माहेरची माणसंही येऊन बसली होती.

ऑपरेशननंतर तुम्ही स्वतःचं घर टाकून इथं राहिलात. पाणी उकळून गाळणं, यांची वेगळी भांडी, धुणं, सगळं तुमच्याकडं. मला साधी कळशी उचलू दिली नाहीत. माझे पाय चेपायला बसायचात. तुम्ही मोठ्या, आणि मी चेपू द्यायचे. बायका मला बघायला यायच्या, सावित्री म्हणायच्या. शालूआत्या तर तुमच्या देखत म्हणाल्या, “चोळी-बांगडीला बहीण, आन् जिवावर आलं की बायकू.” तुम्ही मान खाली घालून भांडी घासत राहिलात. जुळली नाही त्यात वन्संचा काय दोष, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? नाही म्हणाले. खरं सांगू, बरं वाटलं होतं. या घरात पहिल्यांदाच माझं पारडं जड झालं होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून तुम्ही पंचमीला माहेरी आला नाहीत. पाठवलेली साडीही तशीच परत यायची. मी ती घडी न मोडता कपाटात ठेवत गेले.

परवा दाजींचा फोन ठेवल्यावर हे जेवले नाहीत. सोप्यात भिंतीकडं बघत बसले. मग म्हणाले, “अक्काची जुळली हुती.” मला आधी अर्थच लागेना. डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं, बहिणीची चांगली जुळते. यांनीच ती नको म्हटली आणि घरी येऊन खोटं सांगितलं. का, तर बहिणीला द्यायचं असतं, दिल्या घरच्या लेकीकडनं घ्यायचं नसतं. आणि मी? “तू तर घरचीच की.” मी म्हणाले, “मग मला इचारायचं तरी.” वन्सं, तसं काही विचारायचं असतं हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं हो. मी होच म्हणाले असते. पण मग ती मी दिली असती. आता मला वाटतं, पेटीतली वस्तू काढावी तशी ती काढून घेतली. आणि तुम्ही मात्र नसलेल्या दोषापायी स्वतःला वाळवत बसलात. हे तुम्हाला सांगणार नाहीत, त्यांची मान वर होत नाही. म्हणून मी लिहिते आहे. तुमच्या शरीरानं भावाला नाही म्हटलं नव्हतं. या सोमवारी पाणी प्या. पंचमीला इकडं या. मी पुरणाची दिंडं उकडून ठेवते. आधी आपण दोघी जेवू. मग त्यांना काय बोलायचं ते बोला, आणि त्यांचं झालं की मलाही बोला. मी ऐकून घेईन.

साडी काढून ठेवली आहे.

तुमचीच, उशिरा बोललेली,
रेश्मा