आखूड पायाची पँट आणि गोड बोलणारा मेहुणा

चिरंजीव तोफ यास,

तुझ्या ताईच्या नवऱ्याचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझी, तुझ्या बायकोची आणि गॅरेजातल्या त्या खोकणाऱ्या कंप्रेसरची तब्येत कशी आहे ते कळवावे. झाली विचारपूस. आता मुद्द्यावर येतो. मी तुझ्यावर भयंकर चिडलेलो आहे. तू माझ्याशी भांडायचं का सोडलंस, याचं कारण मला लेखी पाहिजे. फोनवर नको. फोनवर तू ‘भाऊजी, जेवलात का?’ असं विचारतोस आणि माझ्या अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांत मी जेवलो की उपाशी मेलो याची तुला कधी पडली होती?

मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. तुझी किडनी माझ्या पोटात बसवली त्या दिवसापासून बघतोय. त्याआधी तू आमच्या जिन्यात पाऊल टाकलंस की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. (तोफ हे नाव मी ठेवलं, पण पसरवलं त्यांनी.) पंखा किती वेगात ठेवायचा यावरून आपण भांडलो, वर्तमानपत्राचं कोणतं पान आधी वाचायचं यावरून भांडलो, लग्नाच्या फोटोत माझे डोळे मिटले कसे यावर तर तू अजून समाधानकारक उत्तर मिळालं नाही म्हणायचास. आणि आता? मागच्या भेटीत मी मुद्दाम म्हणालो की हल्लीच्या मेकॅनिकना इंजिनातलं काही कळत नाही, नुसते पार्ट बदलतात. तू मान खाली घालून म्हणालास, ‘खरंय भाऊजी.’ खरंय? तुझ्या तोंडात हा शब्द होता हेच मला माहीत नव्हतं.

घरात माझी अवस्था भाडेकरूसारखी झाली आहे, तीही माझ्याच पोटात. तुझी ताई सकाळी मला उठवते ती माझ्यासाठी नाही. ‘पाणी प्या, त्याला लहानपणापासून पाणी भरपूर लागतं.’ वाकलो तर, ‘जपून, माझ्या भावाचं आहे ते.’ घोरलो तर म्हणते, अगदी तोच घोरतोय. (मी लग्नाच्या आधीपासून घोरतो. माझ्या घोरण्याचं श्रेयही तुला गेलं.) आणि मी आवाज चढवला की हुकमी एक्का ठरलेला आहे : ‘ज्यानं स्वतःच्या अंगातलं काढून दिलं, त्याच्या बहिणीवर ओरडता?’ यावर काय बोलणार? जगातल्या कुठल्या नवऱ्याकडे यावर उत्तर आहे? पूर्वी निदान निम्मी भांडणं मी जिंकायचो. (तुझी ताई म्हणते एकही नाही. तिला वाचून दाखवायला नको होतं.)

बघायला येणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. दारात चपला काढतात, तोंडाला मास्क लावतात आणि माझ्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघतात. ‘तब्येत सुधारली हो, गाल भरले!’ गाल भरले नाहीत, गोळ्यांनी सुजलेत. शेजारचा निवृत्त कारकून म्हणाला, ‘दुसऱ्याचा अवयव आला की स्वभावही येतो म्हणतात, काही फरक?’ मी म्हणालो, हो, आलेल्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटतं. तो हसला! आता मी काही बोललो तरी लोक हसतात आणि म्हणतात, नवा जन्म मिळाला, आनंदात राहा. आनंदात राहायची ही सक्ती कुणी काढली? गुडघा दुखतो म्हणायची चोरी, कंटाळा आला म्हणायची चोरी. ज्याला किडनी मिळाली त्यानं कंटाळायचं नसतं.

आणि एक फसवणूक तुला सांगायची राहिली. मला वाटलं होतं जुन्या दोन्ही काढून टाकतील. तसं काही नाही. त्या जागेवरच आहेत आणि तुझी पुढे, खाली, पँटच्या पट्ट्याजवळ बसवली आहे. मी डॉक्टरला विचारलं, जुन्या का ठेवल्या? म्हणाला, त्रास देत नाहीत तर राहू दे. म्हणजे कामावर न येणारे दोन कामगार जागा अडवून बसलेत आणि तुझी एकटी तिघांचं राबतेय. मला तिची लाज वाटते. रात्री कूस बदलताना मी तिला सांगून बदलतो. (हे कुणाला सांगू नकोस.)

गोळ्यांचंही ऐक. डॉक्टर म्हणाला, शरीराला परकी वस्तू ओळखू येते, ते तिच्याशी भांडतं आणि बाहेर काढायला बघतं, म्हणून या गोळ्या जन्मभर. मी म्हणालो, अहो, वस्तू ज्याची आहे त्याच्याशी आम्ही जन्मभर भांडलोच, तेव्हा कुठं काय बाहेर पडलं? त्यानं चष्मा पुसला. घरी येताना माझ्या मनात आलं की चुकून या भांडण बंद करायच्या गोळ्या तुलाच चालू केल्या की काय. मला तर त्यांचा उपयोग शून्य. माझा राग आहे तसाच आहे, उलट हात थरथरायला लागलेत. सुईत दोरा ओवायला सूनबाईला हाक मारावी लागते. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि आता सुईचं भोक माझ्यापासून पळतं.

पण त्याच थरथरत्या हातांनी मी तुझी परीक्षा घेतली. तपकिरी पँट आठवते? दर वर्षी मी तुला एक पँट शिवून देतो आणि दर वर्षी तू ती माझ्या मशीनवर आणून आपटतोस. ‘ही पँट आहे की गोणपाट? माप माझं घेतलंत की गॅरेजच्या शटरचं?’ मी तुला म्हणायचो, कापडात खोट नाही, तुझ्या ढुंगणात आहे. मग आपण चहा प्यायचो. यंदा मी मुद्दाम डावा पाय चार बोटं आखूड शिवला. सोपं नव्हतं ते. कात्री आपोआप बरोबर रेषेवर जायची, मी तिला ओढून चुकीच्या खुणेवर आणायचो. खालची दुमड घालताना तर मला स्वतःचीच किळस आली. म्हटलं, बघू आता तोफ कशी गप्प राहते. आणि तुझा निरोप काय आला? ‘भाऊजी, झकास बसली.’ वर ती घालून तू गॅरेजवाल्यांच्या सभेला गेलास आणि स्टेजवर पहिल्या रांगेत बसलास! अरे, माझं नाव सांगितलंस का तिथं कुणाला?

त्या दिवशी माझी खात्री पटली. असं गोड कुणाशी बोलतात? मरणाऱ्याशी. म्हणजे किडनी जवाब देतेय, सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझ्यापासून लपवताय. ताईला विचारलं तर ती डोळ्याला पदर लावून ‘काहीतरीच बोलता’ म्हणाली. (नंतर कळलं ती कांदा चिरत होती. पण तोवर मी कपाटातले कपडे कुणाकुणाला द्यायचे ते ठरवून टाकलं होतं.) शेवटी कुणाला न सांगता एकटाच दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरपुढे टेबलावर हात आपटला. खरं सांगा! त्यानं कागद काढले, वाचले आणि म्हणाला, ‘आजोबा, उत्तम चाललंय.’ मी म्हणालो, मग माझा मेहुणा माझ्याशी गोड का बोलतो? तो म्हणाला, ‘ते आमच्या खात्यात येत नाही.’

तर मी मरत नाही. तेव्हा तुला गोड बोलायचा काही अधिकार उरलेला नाही. तू मला किडनी दिलीस म्हणून मी तुझ्यापुढे वाकावं आणि मी वाकलोय म्हणून तू माझ्यापुढे वाकावंस, असे आपण दोघं वाकूनच राहिलो तर एकमेकांची तोंडं दिसायची कशी? ती पँट परत आण. मशीनवर आपट. चार शब्द ऐकव. मी उलटे आठ ऐकवीन. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा संतापलेला,
भाऊजी

ता. क. वर जे लिहिलं ते खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. सभेचा फोटो सूनबाईनं मोबाईलवर मोठा करून दाखवला. मी माझी शिलाई बघत होतो. डावा पाय आखूड, म्हणून तुझा घोटा दिसतोय. तो सुजलाय. मोज्याच्या वर मांस फुगून आलंय. असे घोटे मी ओळखतो, किडन्या जाण्याआधी माझे दोन वर्षं तसेच होते आणि मी तुझ्या ताईला म्हणायचो, उभं राहून कापड कापतो म्हणून सुजतात. तूही बायकोला गॅरेजचंच कारण सांगत असशील. डॉक्टर मला उठता उठता म्हणाला होता की तुमचे मेहुणे किडनी दिल्यानंतरच्या त्यांच्या तपासणीला आलेच नाहीत, आठवण करा. का आला नाहीस ते मला कळतं. काही वाईट निघालं तर भाऊजी जन्मभर स्वतःला खात बसेल, म्हणून आला नाहीस, आणि म्हणूनच हा गोडवा. गाढवा, न कळता मी स्वतःला कमी खातो असं वाटलं का तुला? गुरुवारी सकाळी माझा नंबर आहे. माझ्यामागचा तुझ्या नावानं लावून आलोय. ताईला सांगितलेलं नाही. तपासणी होईपर्यंत मी बाहेर बाकावर बसेन. कदाचित घोटा नुसता मुरगळला असेल. तसं निघालं तर मला हव्या तितक्या शिव्या दे. आणि तसं नसलं, तर लवकर कळलेलं बरं असतं, हे मला उशिरा कळलं. आणखी एक. येताना फळं नकोत, डबा नको, काही म्हणजे काही आणू नकोस. तुझं देऊन झालंय. या वेळी नुसता ये.

ता. क. दुसरा. वाचून पाहिलं. ‘नुसता ये’ हे फारच गोड झालंय. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून ठेवतो. त्याचा अर्थ काढत बसू नकोस. उशीर केलास तर तुझा नंबर मी त्या कारकुनाला देऊन टाकीन.