गळ सोडवायची तार

९ नोव्हेंबर, रविवार

मेला! पप्पांच्या हातात रोहू मासा मेला.

लकवा झाल्यापासून सात महिन्यांनी आज पहिल्यांदा त्यांना भामा धरणावर नेलं. गळ टाकायला डावा हात पुरला. पण माशाने गळ पार घशात गिळलेला. एका हातात मासा, एका हातात चिमटा लागतो — आणि उजवा तर लुळा. मी पुढे झाले तर ओरडले, "हात नको लावू!" ओढता ओढता माशाच्या तोंडातून रक्त आलं.

मासा धरायचा आणि जिवंत सोडायचा, हा त्यांचा नियमच. पंचशील घेतलंय ना, जीव घ्यायचा नाही. कॉलनीतले चिडवायचे, "विलासभाऊ, मग गळ टाकता कशाला?" पप्पाही हसायचे. आज आले ते न जेवताच झोपले.

१२ नोव्हेंबर

चौथा दिवस. धड जेवत नाहीत. मम्मीने ताट पुढे केलं तर म्हणाले, "कशाला वाढतेस? निम्मा माणूस मी." मम्मी मोरीत जाऊन रडली. मी पण. काय करू!

१३ नोव्हेंबर

सुचलं! मोबाइलवर दिसलं — गळ काढायची तार असते. टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं. ते दोऱ्यावर फिरवून अडकवायचं, दोऱ्यावरून गळापर्यंत सरकवायचं, ढकलायचं. गळ सुटतो, मासा पाण्यातच राहतो. एका हाताचं काम! चाकणला कारखान्याच्या टूलरूममध्ये राबते मी, विकत कशाला आणू? साहेबांना विचारून भंगारातली स्टीलची तार घेतली. जेवणाच्या सुट्टीत वेटोळं घातलं, टोक घासून गुळगुळीत केलं.

१५ नोव्हेंबर

जुन्या स्लिपरमध्ये गळ रुतवला, दोरा खिडकीच्या गजाला बांधला. पप्पांनी तार फिरवली — दोरा वेटोळ्यात जाईचना. मी उजव्या हाताने करून दाखवलं, चुटकीसरशी. कशाला दाखवलं मी! परत फिरवली. परत. घामाघूम झाले. शेवटी तार फेकली.

"एकतीस वर्षं फिटर होतो गं. साधी तार फिरवता येईना."

हात मेलाय, हे मीच त्यांना दाखवून दिलं.

१६ नोव्हेंबर, दुपारी दोन

पप्पा सकाळपासून घरात नाहीत. मोबाइल टेबलावर. गळाची काठी कोपऱ्यात — काठीशिवाय माणूस नदीवर कशाला जाईल? मम्मी पवनेच्या घाटावर गेलीय. मला म्हणाली, घरी थांब, आले तर कुणीतरी हवं. म्हणून लिहितेय, नाहीतर वेड लागेल. काल झोपताना म्हणाले होते, "मम्मीला जप." मी नुसतं "हो" म्हटलं! पप्पा, या ना. मासे गेले खड्ड्यात, तुम्ही या.

१६, संध्याकाळ

आले! शेजारच्या नागसेनकाकांच्या खिडक्यांचे ग्रिल बनवायच्या दुकानात होते. काका गावाला गेलेत, दुकान बंद, किल्ली आमच्याच खुंटीला असते — आमच्या ध्यानातही आलं नाही. हातात माझीच तार. वेटोळं सरळ करून उलट्या बाजूला वळलेलं. ओबडधोबड, अंगभर व्हाइसच्या जबड्याचे ओरखडे. एका हाताने दिवस घातला त्यात. डाव्या हाताने फिरवली, स्लिपरमधला गळ टक्कन बाहेर.

"पीळ उजव्या हाताचा घातला होतास, श्रद्धा. हात नव्हता चुकला माझा."

मग घाटावरून परतलेल्या मम्मीला म्हणाले, "भाकरी टाक. दोन."