थांब म्हणणारं विरजण

१४ जून २००८

आज कामाला लागलो. जीव हलका झाला. नात महामाया इथं लातुरात मेडिकलच्या क्लासला आहे, तिच्या सोबतीला मी. तिचे आईबाप पुण्यात बांधकामावर. ही डायरी क्लासवाल्यांनी फुकट दिली, पानोपानी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. मी चौथी शिकलेला, पण अक्षर बरं आहे. काम प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं, सावलीत बसून. मनस्विनी मॅडमनी आल्या आल्या आजोबा म्हणून चहा दिला. खोली पत्र्याची बघून घेतली. भूकंपात माझी बायको पंचफुला मातीच्या माळवदाखाली गेली. मी दारात उभा राहून नुसत्या हाका मारत राहिलो.

२० जून

मॅडमनी काम समजावलं. कोळंबीला वाढायचं तर अंगावरचं कवच टाकावं लागतं. तिच्या डोळ्याच्या देठात एक रस असतो, तो अंगाला थांब म्हणतो. डोळा कापला की थांब म्हणणारं कुणी राहत नाही, ती लगेच कात टाकते. मग दोन दिवस लोण्यासारखी मऊ. बाकीच्या तिला खातात, म्हणून लपून बसते. तो रस करायचा निरोप मॅडमनी कोळंबीतून काढून खमिरात घातलाय. आता खमीरच रस करतं. समुद्र कुठं अन् लातूर कुठं, असं मी विचारलं. त्या हसल्या. खमिराला समुद्र नाही, साखर लागते म्हणाल्या.

२ जुलै

उरलेलं खमीर उकळून मोरीत ओतायचं. उकळल्याशिवाय थेंब बाहेर जाता कामा नये, अशी मॅडमची ताकीद आहे. पण वास थेट पंचफुलाच्या आंबिलीचा. आमच्यात जितं विरजण कुणी फेकत नाही. काल डब्यात लपवून घरी आणलं, ज्वारीचं पीठ शिजवून गार केलं, त्यात कालवलं. आज सकाळी छान फसफसलं. माझ्या पोटाला आंबट सोसत नाही. महामाया दोन वाट्या प्याली. आबा, लई भारी झाली म्हणाली. किती वाळलीय पोर.

१६ जुलै

महामायेला आता रोज आंबील लागते. मेसवाली नागुबाई विरजण मागायला आली. मागितलेलं विरजण नाही म्हणता येत नाही. तिच्याकडं चाळीस पोरी जेवतात, सगळ्या महामायेच्या क्लासच्या.

९ ऑगस्ट

महामायेची नखं महिनाभरात वाढलीच नाहीत. केसही तेवढेच. तिला त्याचं काही नाही, वेळ वाचतो म्हणते. एका जागी सोळा तास बसते. पाठीवर हात फिरवला तर पाटीसारखी कडक लागली. नागुबाई म्हणते तिच्या पोरीपण आता दंगा करत नाहीत, हसत नाहीत. क्लासचे सर खूश आहेत. अशाच पोरी पाहिजेत म्हणाले.

२२ ऑगस्ट

चाचणीत महामाया पहिली आली. चौकात तिचा फोटो लावला. बाकीच्या पोरी तिच्याशी बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

२८ ऑगस्ट

विळीनं तिचं बोट कापलं. रक्त पाण्यासारखं, निळसर. आंबील मोरीत ओतली. बंद. नागुबाईला पण बंद कर म्हणून सांगून आलो. तर म्हणाली, तुमच्या नातीचा नंबर लागला, आता आमच्या पोरींचं बंद करता व्हय आबा? तिनं काही बंद केलं नाही.

३१ ऑगस्ट

मॅडमला दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. थांब म्हणणारा रस एकदम तोडला तर काय होतं? त्या सहज म्हणाल्या, डोळा कापल्यासारखंच.

हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांनी. मी लिहूनसुद्धा ठेवलंय. मागचं पान —

१ सप्टेंबर, सकाळ

पाठीवर मधोमध रेघ उकलली. ती तिथून बाहेर आली. अंथरुणावर पडलंय ते रिकामं आहे. नखांसकट. चेहऱ्यासकट.

ती खाटेखाली आहे. हात लावला तर बोटं रुततात. आबा, कुणाला सांगू नगा म्हणते.

दुपार

क्लास सुटला. पोरी गल्लीत उभ्या आहेत. चाळीसच्या चाळीस. महामायेची वही पाहिजे म्हणतात. सगळ्या एका आवाजात. मी वही खिडकीतून टाकली. कुणी उचलली नाही.

नागुबाई त्यांच्या मागं उभी आहे. पोरींनो, जेवायला चला म्हणून रडतेय —

दाराला पाठ लावून लिहितोय. पत्रा थरथरतोय. भूकंप नाही. भूकंप मला कळतो. बोटं आहेत. कडक —

खाटेखालून आबा, आबा —

कडी वाकली. पंचफुला, तेव्हा मी दारातून आत आलो नाही. आता दार सोडून तिच्याकडं गेलो तर — अन् नाही गेलो तर —