उघडिपीतली मेणकापडाची विजार

आण्णा, आमच्या घरात आठवडाभर एकच विषय चालू होता. सुनेनं सायकलवर घालायला पावसाळी पँट कोणती घ्यावी? ती मोबाईलवर एकेक पँट दाखवायची, हिचा रंग बघा, हिची शिवण बघा, आणि मी चष्मा पुढेमागे करून म्हणायची, आधी मांडी घालून बसता येतं का ते बघ. ती हसायची. सासूला सायकलची पँट कळत नाही, पंगतीला बसायची कळते, असं तिला वाटत असणार. ते वाक्य माझं नाही हे तिला मी सांगितलेलं नाही. ते सांगलीच्या एका दुकानात, फरशीवर मांडी घालून बसून तुम्ही म्हणाला होतात.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नुकती नर्स म्हणून लागले होते आणि पलूसजवळच्या आपल्या गावातून वाड्यावस्त्यांवर सायकलनं जायचे. उसाच्या सरींमधली वाट, काळी माती, आणि अंगावर पांढरा पंजाबी ड्रेस. छत्री धरून सायकल चालत नाही, आणि रेनकोट गुडघ्यापर्यंतच. खालची सलवार भिजून पायाला चिकटायची, वर चिखलाचे फराटे. एकदा एका बाळंतिणीच्या सासूनं मला उंबऱ्यातच थांबवलं आणि पाय पुसायला पोतं आणून दिलं. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. पण पोत्याला पाय पुसून आत गेलेल्या नर्सचं कोण ऐकणार? दिवसभर ओल्या कपड्यात, चारचौघांत अंग चोरून बसायचं आणि संध्याकाळी कणकण घेऊन घरी यायचं. आई म्हणायची, सोड ती नोकरी, चांगलं स्थळ आलंय. मीही मनातून तिच्या बाजूला झुकले होते. आत्ताच सोडायची की पावसाळा काढून सोडायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्याआधी एक प्रयत्न मी करून बघितला होता. बाजारातून प्लास्टिकची पँट आणली, सलवारीवरून चढवली आणि निघाले. पारावर म्हातारी मंडळी तंबाखू मळत बसलेली. त्यातले तात्या, ज्यांच्या मांडीवर मी लहानपणी खेळले, तेच मोठ्यानं म्हणाले, "आगं, कुणा गड्याची विजार पळवून आणलीस?" सगळा पार हसला. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी जोरात पेडल मारलं आणि ती पँट नेमकी सीटवर फाटली. घरी येऊन मी ती गोठ्यात भिरकावली आणि सांगितलं, परत घालणार नाही, आणि नोकरीचंही काय ते बघा. तुम्ही पलटणीत किट तपासायचात तशी ती फाटकी पँट उलटी करून, उजेडात धरून बघत बसलात. मग एवढंच म्हणालात, "रविवारी सांगलीला जाऊ."

त्या दुकानात ताडपत्र्या, गमबूट, रेनकोट असं सगळं छतापर्यंत रचलेलं होतं. दुकानदारानं विचारलं, "पोराचं माप का हवालदारसाहेब?" तुम्ही म्हणालात, "पोरीचं. नर्स हाय आमची." त्याला ऐकू गेलं होतं, तरी तुम्ही परत एकदा म्हणालात, शेजारी घमेली बघत उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात. तो म्हणाला, बायकांत नुसता कोट येतो, पँट येत नाही. "का? बायांना बी पाय दोनच असत्यात की." असं म्हणून तुम्ही त्याच्याकडची पँट पायजम्यावरून चढवली आणि फरशीवर मांडी घातली. "आधी मांडी घालून बसता येतंय का ते बघाय पायजे." मग उकिडवे बसलात. "बाळंतिणीपुढं असंच बसाय लागतंय न्हवं?" मी मान हलवली. मग तुम्ही बाहेर कुणाची तरी सायकल स्टँडला लावलेली होती तिच्यावर बसून पेडल मारायला लागलात, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. गुडघा वर आला की पँट नडगीवर चढते, म्हणून एक माप लांब हवी. पायाशी बटणाची पट्टी हवी, नाहीतर साखळी खाते, आणि ती उघडली की चपलेवरून निघायला हवी. दुसऱ्या एका पँटीत चार पावलं चाललात आणि ती काढून ठेवलीत. "ही लय वाजती. निजलेलं बाळ उठंल." तिसरी उलटी करून बुडाखालची शिवण आतून पट्टी चिकटवून बंद केलीय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलंत, ती घातलीत आणि दुकानदाराकडे प्यायचं पाणी मागितलंत. त्यानं दिलेला तांब्या तुम्ही आपल्याच मांडीवर ओतला आणि तसेच बसून त्याच्याशी उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिलात. बोलणं संपल्यावर पायजमा चाचपलात. कोरडा.

"ही हिच्या मापाची द्या," तुम्ही म्हणालात, "आन् अशीच अजून एक, माझ्या मापाची." मी म्हटलं, आण्णा, तुमची मिलिटरीची केप आहे की धडधाकट. "आसू दे." एसटीत खिडकीशी बसल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वल्ल्या कापडानं माणूस मरत न्हाई, बाय. पर मान खाली जाती. ती जाऊ द्यायची न्हाई." आण्णा, शाळेत नंबर आला तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवला होतात, पण त्या दिवशी एसटीत मी जेवढी ताठ बसले तेवढी तेव्हाही बसले नव्हते.

घरी आल्यावर माझी पँट तुम्ही ट्रंकेत ठेवलीत. मी सांगीन तवा घाल, म्हणालात. आणि नेमकी उघडीप पडली. आभाळ मोकळं, ऊन असं की चिखलाला भेगा पडल्या, आणि तुम्ही ती दुसरी विजार चढवून सकाळी दूध घालायला डेअरीवर निघालात. मला वाटलं, नव्याची नवलाई. पण तुम्ही ती घालून गिरणीवर गेलात, न्हाव्याकडे गेलात, सोसायटीच्या मीटिंगला पहिल्या रांगेत बसलात. भावकीतल्या बारशाला तीच घालून पंगतीला बसलात. गावाला तर आयताच विषय मिळाला. तात्या पारावरून ओरडायचे, "हवालदार, कुठं फाटलंय रं आभाळ?" तुम्ही म्हणायचात, "फाटंल की. तयारीत असावं गड्या." पोरं तुम्हाला मेणकापड हवालदार म्हणायला लागली. वस्तीवर बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, "नर्सबाई, वडलांचं बरं हाय न्हवं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई तर तुमच्याशी दोन शब्दांच्या वर बोलेना.

पण कुठलाही विनोद किती दिवस पुरणार? हळूहळू तात्या नुसतीच मान हलवायला लागले. मग पोरं कंटाळली. एका सकाळी तुम्ही पारावरून गेलात आणि कुणी वर बघितलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी तुम्ही ट्रंक उघडलीत, माझी पँट खाटेवर ठेवलीत आणि म्हणालात, "उद्यापासनं घाल."

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. मी पाराजवळ येते, हँडल घट्ट धरलेलं. तात्या पिंपळाच्या आडोशाला पोतं पांघरून बसलेत. ते माझ्या पायांकडे बघतात, शेजाऱ्याला म्हणतात, "हवालदाराचीच हाय ती," आणि परत तंबाखू मळायला लागतात. बस. कुणी आपली दखल घेतली नाही याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. त्या दिवशी मी वस्तीवर पोचले, बटणं सोडली, पँट काढून दाराशी टांगली आणि पांढऱ्याशुभ्र कोरड्या कपड्यात आत गेले. पोतं कुणी आणलं नाही. एक म्हातारी उठली आणि तिनं मला बसायला जागा करून दिली. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "पाणी शिरलं का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणालात आणि वैरण टाकायला गेलात.

ती नोकरी मी सोडली नाही, आण्णा. आता निवृत्तीला आले आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आज गाड्यांवरून वस्त्यांवर जातात आणि माना वर करून जातात. तुमचं ते वेड काय होतं हे मात्र आईनं मला तुमच्या तेराव्यानंतर सांगितलं. तिनं तुम्हाला तेव्हा विचारलं होतं, लाज कशी वाटत न्हाई तुमास्नी? तर तुम्ही म्हणाला होतात, "गावाला एका गोष्टीवर एकदाच पोटभर हसता येतंय. ते माझ्यावर हसून घिऊ द्या. पोरीच्या वाटंला शिळं ऱ्हाऊ दे." आई सांगताना रडत होती आणि हसतही होती. मी रडले नाही. माझी छाती अशी भरून आली की आलेल्या प्रत्येक माणसाला हे सांगत सुटावंसं वाटलं.

तर सुनेचं. लग्नानंतर मी इकडे कवठे महांकाळला आले हे तुम्हाला माहीत आहेच, आणि इथे पावसाची वाट बघण्यात माणसांचा जन्म जातो. सून शाळेत शिकवते, सायकलनं जाते, आणि सुट्टीला सायकलवाल्यांच्या गटाबरोबर पार साताऱ्यापर्यंत जाऊन येते. पँट ठरली, मांडी घालता येणारी, न वाजणारी. आणि मग ती म्हणाली, "आई, बाहेरगावी घालीन. इथे नको, गल्लीत सगळे हसतात." मी म्हटलं, मागव, आणि तशीच अजून एक माझ्या मापाची मागव. ती म्हणाली, तुम्हाला कशाला? मी म्हटलं, आसू दे.

दोन्ही आल्या. तिची कपाटात ठेवली आहे. माझी मी घातली आणि आज बँकेत गेले, भाजी आणली, गिरणीवर दळण टाकलं. गिरणीवाला म्हणाला, "नर्सबाई, पाऊस कुठं दिसतोय?" मी तुमचंच उत्तर दिलं, फक्त गड्या तेवढं गाळलं. तो पोट धरून हसला. हसू दे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून खरं काय ते लिहिते. आण्णा, यात लय उकडतं हो. गुडघ्यामागून घामाच्या नुसत्या धारा लागतात. तुमची तर आतून रबर लावलेली होती, आणि त्या उघडिपीत तुम्ही एकदाही उकडतंय म्हणाला नाहीत. गिरणीवर जाताना अर्ध्या वाटेत दोनदा वाटलं, काढून पिशवीत टाकावी. पण तो गिरणीवाला अजून मनापासून हसतोय, म्हणून उद्याही घालणार आहे.