शंभर हॉर्सपॉवर, फक्त डायनो बरा हवा

३ जून, सोमवार
बाइकला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, बसवला. एकट्याने, मॅन्युअल न उघडता. पाइप उद्या जोडेन. तोवर धूळ जाऊ नये म्हणून पाइपात स्वयंपाकघरातलं फडकं कोंबलंय. एवढी काळजी मेकॅनिकसुद्धा घेत नाहीत.

४ जून
पाइप जोडले. गाडी चालू झाली. आवाज जरा दबका आहे, पण दमदार गाड्या आरडाओरडा करत नाहीत. बायको निळं फडकं शोधतेय. म्हटलं, मी काय फडक्यांवर पहारा देतो का?

५ जून
बायकोला गॅरेज शिवणकामाला हवंय. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, तिला फूस लावतो. शेवटी पैज ठरली. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा ताकद पंचाहत्तर हॉर्सपॉवर. रविवार सोळापर्यंत डायनोवर शंभर दिसली तर गॅरेज कायमचं माझं. नाहीतर शिलाई मशीन आत, मी बाहेर.
डायनो, म्हणजे मागचं चाक रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र, मी निवडायचा. इथेच दोघं फसले.

८ जून
पहिला डायनो. अठ्ठावन्न.
नुसता रोलर, त्याला ब्रेकच नाही. चाकावर भार नाही तर टर्बो जागा कसा होणार? निवड चुकली, गाडी नाही. डायनोवाला म्हणाला, एकदा पाइप उघडून बघा. म्हटलं, आधी तुमचा रोलर बघा.

११ जून
ब्रेकवाला डायनो. पंचावन्न. हा भारच इतका टाकतो की ट्रकसुद्धा रडेल. कंजूष यंत्र. बायकोने गॅरेजमध्ये पडद्याचं माप घेतलं. घेऊ दे बापडीला.

१४ जून
दिवसभर फोन. विचारलं, तुमचा डायनो साधारण किती जास्त दाखवतो? दोघांनी फोन ठेवला. तिसरा म्हणाला, आमच्याकडून कोणी नाराज जात नाही. याला म्हणतात व्यावसायिक वृत्ती. मेहुणा म्हणतो, भाऊजी, तुम्ही वजन कमी करायचं सोडून काटा बदलताय. त्याला इंजिनिअरिंग कळत नाही.

१६ जून, सकाळ
आज निकाल. बायको आणि मेहुणा साक्षीला येणार. त्यांचे चेहरे आठवणीत ठेवायला हवेत.

१६ जून, दुपार
तिसरा डायनो. डायनोवाल्याने गिअर टाकला, थ्रॉटल पिळला. आकडा साठवर अडला. मी ओरडलो, अजून पिळा. फाडकन पाइप इंजिनपासून निसटला आणि त्यातून काहीतरी उडून बायकोच्या पायाशी पडलं. काळं, तेलकट, एका कोपऱ्यात निळं.
बायकोने चिमटीत धरून उचललं. म्हणाली, अहो, हे माझं फडकं. मेहुणा खाली बसून हसला. डायनोवालाही हसला. कोणी नाराज जात नाही म्हणे.
पाइपाचं तोंड फाटलंय. आज दुरुस्ती होणार नाही.
तरी फडकं बारा फूट उडालं. म्हणजे टर्बोचा दाब, बूस्ट, होताच.

१८ जून
शिलाई मशीन गॅरेजमध्ये. पडदेही लागले. गाडी बाहेर, ताडपत्रीखाली. फार वाईट वाटतंय, पण कोणाला सांगणार.
हे स्वयंपाकघरात बसून लिहितोय. बायकोने ते फडकं तीनदा धुतलं. मला वाटलं, आठवण म्हणून जपणार. आत्ता हातात दिलं. म्हणाली, लिहून झालं की ओटा पुसून घ्या.