फुंकण्याची परीक्षा

१ मार्च
नात पाहायला गेलो. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर सगळ्या दारांवरच्या पाट्या वाचल्या. माणसाने शेजाऱ्यांची दखल घ्यावी. पुढच्या वळणावर दखल घेण्यासारखं काही नव्हतं, तरी थांबलो. बायकोला म्हटलं, तू हो पुढे, मला एक फोन करायचाय. फोन घरी राहिल्याचं तिने निदर्शनास आणलं. शेवटी नात खाली आणवली. पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मध्ये, मुखदर्शन.
निष्कर्ष : पायऱ्या फार उंच. बांधकामातला दोष.

८ मार्च
पुन्हा पार्किंग. बाळाला मोकळी हवा हवी, असं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ही मोकळी हवा नाही, हा पेट्रोलचा वास आहे." शिवाय म्हणे माझ्या छातीतून शिट्टी वाजते. म्हटलं, स्वेटरची चेन वाजत असेल.
स्वेटरला बटणं आहेत.

१२ मार्च
मुलीने परस्पर छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, इतकं मन लावून कुणी ऐकल्याचं आठवत नाही. सोमवारी पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची परीक्षा. नळीत जोरात फुंकायचं, यंत्र आलेख काढतं. परीक्षा म्हटल्यावर धीर आला. नापास होणं आमच्या घराण्यात नाही.
संकल्प : पहाटे प्राणायाम, संध्याकाळी फुगे फुगवणे.

१३ मार्च
प्राणायाम उद्यापासून. एक फुगा घेतला. फुगा अर्धा फुगला, मी पूर्ण.

१६ मार्च, सकाळी
सूचनापत्रात लिहिलंय : चाचणीपूर्वी इन्हेलर घेऊ नये. यावर मीमांसा केली. निषेध त्यालाच, ज्याच्या हातून ती कृती घडणं संभवतं. माझ्याकडे इन्हेलर नाही. सबब निषेध मला लागू नाही. थोरल्या भावाच्या घरी वहिनींना दमा आहे, त्यांच्याकडे पंप असतो. जाऊन दोनदा ओढला. वहिनी म्हणाल्या, "अहो भावोजी, ही काय पेपरमिंटची गोळी आहे?" म्हटलं, अभ्यास करतोय.

त्याच दिवशी, दुपारी
टेक्निशियन बाईंनी नाकाला चिमटा लावला. "मोठ्ठा श्वास घ्या... फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" एवढं प्रोत्साहन आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. आधी त्यांनी विचारलं होतं, सकाळी पंप वगैरे घेतला नाहीत ना? म्हटलं, माझ्याकडे पंपच नाही. यात एक अक्षर खोटं नाही. मग औषध देऊन पुन्हा फुंकवलं. दोन्ही आलेख झक्क, आणि जुळ्या भावांसारखे.

१८ मार्च
निकाल. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल, तूर्त औषध नको. मी मुलीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिने रिपोर्टची घडी घातली.
बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्हाला जिना चढता येतो."
म्हटलं, अर्थात!
"मग येत का नाही? माझ्या सासूबाई दोन्ही गुडघे धरून चढतात, बाबा. तुम्हाला तर काहीच झालेलं नाही."
हा प्रश्न पोर्शनमध्येच नव्हता. ती एकटीच टॅक्सी करून गेली.

२२ मार्च
रविवार. मुलीचा फोन नाही. बायको जाऊन आली. नात आता हसते म्हणे. खाली कुणी आणणार नाही, असा निरोप. मला काही वाटलं नाही. जेवलो नाही, पण ते भूक नव्हती म्हणून. संध्याकाळभर शिट्टी वाजत होती.
स्वेटर घातलेला नव्हता.

२३ मार्च
बायको म्हणाली, "वहिनींनी मला सगळं सांगितलंय. आता लेकीला तुम्ही सांगता की मी सांगू?" म्हटलं, योग्य वेळ पाहून सांगेन. तिने नंबर फिरवून फोन माझ्या कानाला लावला.
सांगितलं. पलीकडून, "बाबा, कॉपी? तुम्ही?" नंतर ती हसत होती की रडत होती, हे फोनवर कळत नाही.

२६ मार्च
फेरपरीक्षा. टेक्निशियन बाईंनी विचारलं, "आज वहिनींकडे नाही ना गेलात?" बातम्या फार लवकर पसरतात. फुंकलं. आलेखाने मान टाकली. औषध देऊन पुन्हा फुंकवलं, उठून बसला. डॉक्टर म्हणाले, दमाच आहे, बरेच दिवसांचा असावा, पण रोजचा पंप नेमाने घेतलात तर आटोक्यात राहील. दुसऱ्याचं औषध ओढून चाचणी बिघडवणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेत म्हणे; शास्त्राधार देणारा मीच पहिला.
मुलगी रिपोर्ट नाचवत आईला म्हणाली, "आई, नापास झाले गं!" माझ्या पीएच.डी.ला घरात इतका आनंद झाला नव्हता.

२८ मार्च
पंप दाबला तेव्हा तोंड मिटलेलं होतं. औषध चष्म्याला मिळालं. उद्यापासून स्पेसर, म्हणजे पंपापुढे लावायचं प्लास्टिकचं नळकांडं.

३ एप्रिल
बरं वाटतंय, सबब पंप घेतला नाही.

४ एप्रिल
बरं वाटत नाही. बायकोने पंप माझ्या टूथब्रशच्या पेल्यात उभा केलाय. आता दात घासायचे तर आधी त्याला भेटावं लागतं.

२६ एप्रिल
तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो! वाटेत एकदाच थांबलो, तेही बायको दमली म्हणून. (बायकोच्या मते दोनदा, आणि ती दमली नव्हती.) मुलीने दार उघडलं, नात माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. नात हसली. वर्णन अपुरं होतं.
तिच्यासाठी शार्दूलविक्रीडितात एक श्लोक रचून नेला होता. चरणाला एकोणीस अक्षरं. बाराव्यापर्यंत श्वास घ्यायची सोय नाही. बरेच दिवसांनी बाराव्यापर्यंत पोहोचलो, तिथे रीतसर थांबलो आणि उरलेली सात खणखणीत म्हटली.
नात पहिल्याच चरणात झोपली. माझ्या वर्गात पोरं निदान दुसऱ्यापर्यंत तरी टिकत.