स्वयंपाकघराचं कलम

४ मार्च

चि. टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. कंपनी नाक्यावर फोन ठेवू देत नाही हे मान्य, पण पेन तर काढून घेत नाही ना? आई रोज पत्रपेटीत हात घालते आणि मग माझ्याकडे अशी बघते, जणू टपालखातं मीच चालवते. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला चार ओळी जड होऊ नयेत.

इकडे संरक्षण खात्याच्या करार शाखेत आमची धावपळ चालू आहे. तुमच्या कंपनीचा करार एप्रिलमध्ये नव्याने व्हायचा आहे आणि मसुदा माझ्याच टेबलावर आहे. एक गंमत सांगते, कुणाला बोलू नकोस. गेल्या वर्षी सशस्त्र पहाऱ्याचा करार दोन दिवसांत मागितला, तेव्हा शाखेच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी एक जुना करार पुढ्यात ओढला. तो होता छावणीतल्या जेवणाचा. ‘स्वयंपाकी’ खोडून ‘रक्षक’ लिहीत गेले. त्यात कलम एकवीस आहे: कर्मचाऱ्याकडून सेवेत त्रुटी झाल्यास कंत्राटदाराने त्याला समज देऊन बदलावे, शासन चौकशी करणार नाही. भात करपला तर एवढं पुरे. बंदूकवाल्याला ते पुरणार नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तू तेव्हाच सैन्य सोडून तिकडे लागणार होतास, म्हणून राहू दिलं. माझ्या भावाला उद्या कुणी कोर्टात खेचायला नको. साहेबांनी न वाचता सही केली.

जेवत जा वेळेवर. उत्तर लिहिलंस तर लोभ, नाही तर आईचं पत्र येईल आणि ते सहा पानी असेल.

तुझी
ताई


१३ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मंगळवारी सकाळी मी एका माणसाला मारलं. नाक्यावर छोटा टेम्पो आला. मी थांबायची खूण केली, तो थांबेना. हळूहळू पुढे येत राहिला आणि खिडकीतून हात काढून हलवायला लागला. मला वाटलं काही फेकतोय. मी गोळी झाडली. टेम्पो अडथळ्याला येऊन टेकला, अगदी अलगद. मागे खिडक्यांची तावदानं उभी बांधली होती. त्यातलं एकही तडकलं नव्हतं.

तो काचा बसवणारा होता. धक्का बसला की माल फुटतो, म्हणून तो ब्रेक नेहमीच हळू दाबायचा आणि ओळख म्हणून हात दाखवायचा. आमच्या आधी त्या नाक्यावर सैन्याची तुकडी होती. त्यांच्या पाळीच्या वहीत तसं लिहिलेलंच होतं, असं समोरच्या टायरवाल्याने मला नंतर सांगितलं. कंपनीत अशी वही नाही. दर पंधरा दिवसांनी आमचे नाके बदलतात आणि नवा माणूस कोरा येतो. माझा तिथला तो दुसराच दिवस होता.

सैन्यात असतो तर तासाभरात जबाब घेतला असता. इथे तीन दिवस झाले, मला कुणी काहीच विचारलेलं नाही. झोपेतून दचकून उठतो. तूच सांग काय करू.

तुझा
टिल्लू


१९ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद.

पत्र वाचलं. ते कार्यालयातल्या खणात कुलूप लावून ठेवलं आहे. आईला तू मजेत आहेस असं सांगितलं, तेव्हा माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आता नीट ऐक. कंपनी जो कागद देईल त्यावर सही कर आणि गप्प राहा. कुणाकडे जाऊ नकोस, काही कबूल करू नकोस. कलम एकवीस आहे तोवर तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. त्या बिचाऱ्याचं फार वाईट वाटतं, पण त्याच्यासाठी तू तुरुंगात गेलास म्हणून तो परत येणार आहे का? आईला दुसरा मुलगा नाही. थोरली म्हणून सांगते आहे, आयुष्यात एकदा तरी माझं मुकाट्याने ऐक.

काळजीने अर्धी झालेली
ताई


२७ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणेदार म्हणाले, तुम्ही सरकारच्या कामावर आहात, हे प्रकरण आमच्याकडे येत नाही. छावणीतल्या कॅप्टनकडे गेलो. एकेकाळी मी त्याला सलाम ठोकायचो. तो म्हणाला, तुम्ही आता आमचे नाही. कंपनीच्या मॅनेजरने चहा दिला आणि कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: सेवेतील त्रुटी, समज दिली, बदली केली. ताई, सैन्यात एक काडतूस कमी भरलं तरी मला दोन दिवस उभं करून विचारायचे. इथे अख्खा माणूस कमी झाला.

सोमवारी त्याची बायको कंपनीच्या फाटकाशी आली. कुणाला विचारायचं, एवढंच तिला माहीत करून घ्यायचं होतं. मॅनेजरने सरकारचा पत्ता दिला. सरकारने तिला आधीच कंपनीचा पत्ता दिला होता. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही. त्याची लाज त्या गोळीपेक्षा जास्त वाटते.

माझं तेराचं पत्र तुझ्याकडे आहे, तोच माझा जबाब समज. करार नव्याने होण्याआधी ते फाइलीला जोड. परिणाम मला कळतात. तू वाचवायला बघते आहेस हेही कळतं, पण मला या सुटकेत राहवत नाही.

रागावलीस तरी तुझाच
टिल्लू


४ एप्रिल

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. फाडावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या बाईंचा अर्ज सापडला. आमच्याच शाखेत, ‘इतर तक्रारी’च्या गठ्ठ्यात होता. त्यावर ‘संबंधित कंत्राटदाराकडे पाठवावे’ असा शेरा होता आणि अक्षर माझं होतं. तारीख सोळा मार्च. तुझं पत्र हाती पडायच्या आधी रोजच्या सवयीने शेरा मारून मी तो पुढे सरकवला होता.

काल अर्ज आणि तुझा जबाब एकत्र जोडून साहेबांपुढे ठेवला. साहेब बराच वेळ समजावत होते. म्हणाले, सैनिकाच्या हातून असं झालं तर संसदेत उत्तर द्यावं लागतं, कंपनीच्या माणसाच्या हातून झालं तर लागत नाही, म्हणून तर कंपनी ठेवायची. मग त्यांनी मला वाट काढून दिली. कलम नजरचुकीने राहिलं असं लिहा, म्हणजे प्रकरण तुमच्यावर येणार नाही. मी लिहिलं की कलम अयोग्य आहे हे मला ठाऊक होतं आणि माझा सख्खा भाऊ तिथे लागणार होता म्हणून मी ते ठेवलं. साहेबांनी दोनदा वाचलं. या वेळी सही करायला त्यांचा हात उचलेना. मग मी फाइल स्वतः विधी विभागात नेऊन दिली आणि पोच घेतली. नवा करार थांबला आहे.

आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. त्या माणसाला मुलं किती, एवढं विचारून आत गेली. मला सांगता आलं नाही. तुला माहीत असेल तर कळव.

त्या बाईंना मी आज पत्र टाकलं. कुणाला विचारायचं ते लिहिलं आहे: तुझं नाव आणि माझं, दोघांचे पत्ते. त्या कधीही येतील. तू तिथे असशील तर या वेळी पुढे हो.

लोभ असू दे, एवढं मागते. थोरलेपणाच्या हक्काने मागायचं तोंड मला उरलेलं नाही.

तुझी
ताई